लंकेहून येणारीं गाणीं



आमच्या लहानपणीं भूगोलाच्या तासाला गुरुजी भिंतीवरील नकाशावर छडी टेकवून सांगत कीं, "हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाजवळ समुद्रांत हें जें बेट दिसतें, तें सिंहलद्वीप, येथें चहा, नारळ व रत्नें होतात." आम्ही मुलें हें घोकून परीक्षेंत लिहूनहि येत असूं, परंतु खरें सांगावयाचें तर आमच्या लेखीं त्या बेटाचें मुख्य उत्पन्न निराळेंच होतें. तेथें गाणीं पिकत. दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां तीं समुद्र ओलांडून आमच्या गल्लींत येत, आणि पुढचा तासभर गल्लींतलें एकहि पोर दिव्याखालीं पुस्तक घेऊन बसलेलें सांपडत नसे.

ज्या नभोवाणी केंद्रानें ही किमया केली, त्या रेडिओ सिलोनचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें. इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. मींहि पस्तीस वर्षें मुलांना तेंच शिकविलें. परंतु गाण्याच्या एका केंद्राच्या इतिहासांतहि राज्यकर्ते व प्रजा यांच्यामधील एक जुना तंटा दडलेला असतो. लोकांनीं काय ऐकावें हें कोणीं ठरवावयाचें, हा तो तंटा होय.

या केंद्राचें मूळ बरेंच मागें जातें. कोलंबो येथील तारखात्याचे मुख्य इंजिनिअर एडवर्ड हार्पर यांनीं १९२३ सालीं ध्वनिक्षेपणाचे प्रयोग सुरू केले. पहिल्या महायुद्धांत पकडलेल्या एका जर्मन पाणबुडीवरील यंत्रांचे भाग जोडून त्यांनीं आपला ध्वनिक्षेपक तयार केला, असें सांगतात. डिसेंबर १९२५ मध्यें तेथें नियमित केंद्र सुरू झालें. आपल्या मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र उघडलें तें २३ जुलै १९२७ रोजीं. म्हणजे या कामांत सिंहलद्वीप आपल्या सुमारें दीड वर्ष पुढें होतें. मुंबईची ती कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली, सरकारनें तिचा कारभार आपल्या हातीं घेतला, आणि १९३६ सालीं त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. आपल्याकडील नभोवाणी ही अशा रीतीनें सरकारी कचेरी झाली. पुढें जें कांहीं घडलें त्याचें बीज येथें आहे.

सिलोनच्या केंद्राला मात्र युद्धानें निराळें वळण दिलें. दुसऱ्या महायुद्धांत लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आधिपत्याखालील आग्नेय आशियाच्या सेनेचें मुख्य ठाणें १९४४ सालीं सिंहलद्वीपांत आलें. दूरदूरच्या रणांगणांवर पसरलेल्या शिपायांना बातम्या व करमणूक पोंचावी म्हणून 'रेडिओ सीऍक' नांवाचें केंद्र उभारण्यांत आलें, आणि त्यासाठीं कोलंबोच्या उत्तरेस एकल या गांवीं १०० किलोवॅट शक्तीचा लघुलहरींचा ध्वनिक्षेपक बसविण्यांत आला. मध्यम लहरी दिवसां जमिनीच्या अंगाअंगानें जातात व कांहीं अंतरावर क्षीण होतात. लघुलहरींचें तसें नसतें. पृथ्वीपासून पुष्कळ उंचीवर विद्युद्भारित हवेचा जो थर आहे, त्यावर आपटून त्या परत फिरतात आणि शेंकडों कोस दूर जाऊन खालीं उतरतात. युद्ध संपलें, शिपाई आपापल्या देशीं गेले, आणि १९४९ सालीं हा सारा संसार सिलोन सरकारच्या हातीं आला. लहानशा बेटाजवळ सबंध खंडाला पुरेल एवढा आवाज आला. त्या आवाजानें काय बोलावें हें अद्याप ठरावयाचें होतें.

तें व्यापारानें ठरविलें. १९५० सालीं रेडिओ सिलोननें जाहिरातींचा विभाग उघडला, व त्याची व्यवस्था क्लिफर्ड डॉड नांवाच्या एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांकडे आली. हिंदुस्थानच्या नभोवाणीवर त्या काळीं जाहिरातीस मज्जाव होता. मुंबईंतील कारखानदारांजवळ आपला माल खपविण्यासाठीं पैसा होता, पण आवाज नव्हता; कोलंबोजवळ आवाज होता, पण त्याला पैसा हवा होता. हें लग्न जमावयास वेळ लागला नाहीं. हिंदी चित्रपटगीतांचे कार्यक्रम सुरू झाले. गाण्यांच्या मधून साबणाची नाहींतर चहाची स्तुति ऐकावी लागे, परंतु गाणें फुकट मिळत असल्यामुळें तिच्याबद्दल कोणी फारशी तक्रार केली नाहीं.

याच सुमारास दिल्लीस एक गोष्ट घडली. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर जन्मानें पुण्याचे. काशी व पॅरिस येथें शिकलेले, स्वातंत्र्याच्या चळवळींत वाढलेले, आणि शास्त्रोक्त संगीताची तालीम घेतलेले असे ते विद्वान गृहस्थ होते. संस्थानें विलीन झाल्यामुळें गवयांचा जुना आश्रय तुटला होता. तो आश्रय आतां सरकारच्या नभोवाणीनें द्यावा, ही त्यांची तळमळ खरी होती. त्याच वर्षीं सुरू झालेला शनिवार रात्रीचा अखिल भारतीय संगीताचा कार्यक्रम हें त्यांच्या कारकीर्दीचें फळ होय. ज्या माणसानें उभ्या आयुष्यांत संगीतपरिषदेचा मांडव पाहिला नव्हता, त्याला त्यामुळें घरबसल्या थोर गवई ऐकावयास मिळाले. याचें श्रेय केसकरांस न देणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु एक रोप वाढविण्यासाठीं त्यांनीं दुसरें उपटावयास घेतलें. चित्रपटांतील गाणीं पाश्चात्य चालींच्या नादीं लागून हिणकस होत चाललीं आहेत, असें त्यांचें मत होतें. त्यांनीं अशा गाण्यांच्या वेळेला कात्री लावली. गाणें लावतांना चित्रपटाचें नांव सांगणें म्हणजे जाहिरातच होय, असें ठरवून तेंहि बंद करण्यांत आलें. निर्मात्यांनीं रागावून आपल्या गाण्यांचे परवानेच परत घेतले, आणि कांहीं महिन्यांतच ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहींसें झालें. सरकारनें दार लावलें खरें. पण रेडिओच्या पेटीवर एक काटा असतो, आणि तो फिरविण्यास मंत्र्याची परवानगी लागत नाहीं. लोकांनीं काटा फिरविला, आणि तो सिलोनच्या २५ व ४१ मीटरवर जाऊन थांबला.

३ डिसेंबर १९५२, बुधवार, या दिवशीं रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' प्रथम ऐकूं आली. बिनाका हें दांत घासण्याच्या एका पेस्टचें नांव. निवेदक अमीन सयानी यांच्या वयाला त्या दिवशीं पुरतीं वीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. गाणीं निवडणें, निवेदन लिहिणें, बोलणें आणि आलेलीं पत्रें वाचणें या सर्वांबद्दल आठवड्याला पंचवीस रुपये बिदागी ठरली होती. एवढ्या पैशांत अनुभवी माणूस मिळेना, म्हणून तें काम या पोरसवद्या तरुणाकडे आलें. आरंभींची रीत अशी होती कीं, सात गाणीं लावावयाचीं, श्रोत्यांनीं त्यांचा योग्य क्रम लावून पत्रानें कळवावयाचा, आणि बिनचूक उत्तरांना शंभर रुपयांचें बक्षीस द्यावयाचें. पांचपन्नास पत्रें येतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आलीं, आणि वर्ष उलटण्याच्या आंत आठवड्याच्या पत्रांची संख्या पासष्ट हजारांवर गेली. एवढा ढीग उपसणें अशक्य झालें, तेव्हां स्पर्धा सोडून देऊन लोकप्रियतेच्या क्रमानें गाणीं लावण्याची प्रथा पडली. पत्रें लिहिण्याचें हें वेड किती दूर पसरलें होतें पहा. हल्लींच्या झारखंडांतील झुमरी तिलैया हें अभ्रकाच्या खाणींचें गांव. तें नकाशावर दाखवितां न येणाऱ्या माणसालाहि तें नांव केवळ फर्माइशींच्या पत्रांमुळें पाठ आहे.

एका कोवळ्या तरुणाच्या बोलण्यांत एवढी मोहिनी कोठून आली? मी शिक्षक असल्यामुळें मला त्याचें एक कारण विशेष महत्त्वाचें वाटतें. सयानी यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढ साक्षरतेच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेनें त्या 'रहबर' नांवाचें पाक्षिक चालवीत. त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी असे, आणि ती देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत छापली जाई. नुकतीं अक्षरें ओळखूं लागलेल्या माणसाला समजेल असें लिहावयाचें, हें त्या पाक्षिकाचें ब्रीद. मुलगा आईला त्या कामांत मदत करीत असे. साक्षरतेच्या वर्गासाठीं घांसूनपुसून तयार झालेली ती भाषाच पुढें बुधवारीं रात्रीं घरोघर बोलूं लागली. सयानी श्रोत्यांना 'बहनों और भाइयों' अशी साद घालीत. त्यांत बहिणींना आधीं मान होता. सरकारी निवेदक जनतेपुढें निवेदन वाची. हा मनुष्य ओसरीवर येऊन बसल्यासारखा बोले.

१९५३ सालच्या वार्षिक यादींत अग्रस्थान मिळालें तें 'अनारकली' चित्रपटांतील एका गाण्यास. गाणाऱ्या लता मंगेशकर, संगीत सी. रामचंद्र यांचें. हे सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र चितळकर. योग कसा आहे पहा! पुण्यास जन्मलेल्या मंत्र्यानें दार लावलें, आणि पुणतांब्यास जन्मलेल्या संगीतकाराची चाल दाराबाहेर राहिली. मग मुंबईंत गीतमालेचें ध्वनिमुद्रण होऊन त्याची फीत विमानानें कोलंबोस जावयाची, आणि तेथून लघुलहरींवर बसून तीच चाल पुन्हां पुण्यास व पुणतांब्यास परत यावयाची. प्रभु रामचंद्राला लंकेस जाण्यासाठीं सेतु बांधावा लागला. या रामचंद्राला तोहि बांधावा लागला नाहीं.

आतां थोडें घरचें सांगतों. मी मिरजेचा. अब्दुल करीम खांसाहेबांचें वास्तव्य ज्या गांवाला लाभलें, जेथें तंबोरे घडतात आणि मीरासाहेबांच्या उरुसांत गवई हजेरी लावतात, त्या गांवांत माझे वडील वाढले. ते कचेरींत कारकून होते आणि गाण्याचे मोठे शोकी होते. केसकर मंत्रिपदावरून गेले तेव्हां, १९६२ सालीं, मी अंगणांत रांगत होतों. पण त्यांचा कायदा आमच्या घरांत पुढें दहा वर्षें जारी होता. रेडिओवर बातम्या, कीर्तन आणि शनिवारची मैफल एवढेंच लागे. सिनेमाचें गाणें म्हणजे मुलांच्या अभ्यासाला लागलेली वाळवी, असें वडील म्हणत. म्हणून बुधवारीं आम्ही भावंडें कांहींतरी निमित्त काढून शेजारच्या वाड्यांतील काकूंकडे जात असूं. त्यांच्या रेडिओवर लोकरीचें विणलेलें झांकण असे. बुधवारीं तें साडेसातलाच निघे. आवाज लाटेसारखा येई आणि जाई. ऐन गाण्यांत तो खोल गेला कीं सगळी मंडळी श्वास रोखून बसत, आणि तो परत वर येईपर्यंत मधल्या ओळी ज्यानें त्यानें मनांत गाऊन घेतलेल्या असत.

वडिलांना हें ठाऊक नव्हतें काय? असलेंच पाहिजे. कारण सकाळीं त्यांचा स्वतःचाहि एक अपराध असे. रेडिओ सिलोनवर सकाळीं साडेसातला जुन्या चित्रपटांचीं गाणीं लागत, आणि आठाला तीन मिनिटें उरलीं असतां कुंदनलाल सैगल यांच्या गाण्यानें त्या कार्यक्रमाची सांगता होई. सैगल १९४७ सालींच निवर्तले होते. पण त्यांचा आवाज, घड्याळ लावून घ्यावें इतक्या नेमानें, रोज सकाळीं येई. वडील स्नान आटोपून त्या वेळीं सहज म्हणून काटा फिरवीत, उभ्यानें तें एक गाणें ऐकत, आणि काटा पुन्हां सांगली केंद्रावर आणून ठेवीत. एकदां आई हंसली, तेव्हां ते गंभीरपणें म्हणाले, "सैगलची गोष्ट वेगळी." कायदा करणाराच आपल्या कायद्यांत अशी एक फट ठेवीत असतो.

दिल्लीच्या कायद्यालाहि अशा फटी पडल्याच. चित्रपटगीताची जागा भरून काढण्यासाठीं केंद्राकेंद्रांवर सुगम संगीत रचून घेण्यांत येऊं लागलें. त्यांतलें बरेंचसें आज कोणाला आठवतहि नाहीं. परंतु त्याच वातावरणांत पुणें केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर 'गीतरामायण' सादर झालें. एकूण छप्पन गीतें, काव्य ग. दि. माडगूळकर यांचें, संगीत सुधीर फडके यांचें. त्या एका कृतीसाठीं महाराष्ट्रानें केसकरांच्या धोरणाचे सारे दोष पोटांत घालावे. पण हे दोघे कलावंत कोण? दोघेहि चित्रपटसृष्टींत नांवाजलेले! ज्या अंगणांतलें गाणें हद्दपार केलें, त्याच अंगणांतून माणसें बोलवावीं लागलीं.

पुढें ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ऑल इंडिया रेडिओनें 'विविध भारती' सुरू केली, आणि चित्रपटगीत सन्मानानें घरीं परत आलें. तेथेंहि तेंच झालें. तिची उभारणी करणारे पंडित नरेंद्र शर्मा हे चित्रपटांचे गीतकार, आणि पहिल्या दिवशींच्या गीताला चाल देणारे अनिल विश्वास हे चित्रपटांचे संगीतकार. मंत्री त्या वेळीं केसकरच होते. आपला निर्णय चालला नाहीं हें पाहून त्यांच्याच कारकीर्दींत तो फिरविला गेला, हेंहि त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. सत्तेवर असतांना असें करणारे थोडे. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथें विविध भारतीवर जाहिरातीहि सुरू झाल्या. ज्या कारणासाठीं मुंबईचा व्यापारी कोलंबोस गेला होता, तें कारणच मग उरलें नाहीं.

तथापि श्रोत्यांचा कौल म्हणजे प्रत्यक्ष न्यायदेवतेचा कौल, असें मी म्हणणार नाहीं. गीतमालेंतील क्रम ठरवितांना तबकड्यांची विक्री आणि गांवोगांवच्या श्रोतेसंघांचीं मतें विचारांत घेत. जें गाणें वर चढे तें अधिक वाजे, जें अधिक वाजे तें अधिक विके, आणि जें अधिक विके तें आणखी वर चढे. या रहाटगाडग्यांत कित्येक सुरेख गाणीं तळाशींच राहिलीं. बंगळूरास २००१ सालीं पहिलें खाजगी नभोवाणी केंद्र निघालें, आणि आतां शहरोशहरीं तशीं केंद्रें आहेत. त्यांच्यावर दिवसभर तींच तींच नवीं गाणीं ऐकूं आलीं म्हणजे वाटतें, केसकरांची काळजी अगदींच पोकळ नव्हती. अभिरुचि घडवावी लागते, हें त्यांचें म्हणणें खरें होतें. फक्त ती हुकुमानें घडत नाहीं. कुलसुमबाईंच्या पाक्षिकाप्रमाणें तिच्यासाठीं माणसाच्या भाषेंत शिरावें लागतें.

रेडिओ सिलोनचें १९६७ सालीं महामंडळ झालें, आणि १९७२ सालीं देशाच्या नांवाबरोबर त्याचेंहि नांव बदलून तें श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालें. गीतमाला १९८९ सालीं विविध भारतीवर आली. परदेशीं वाढलेली मुलगी इतक्या वर्षांनीं माहेरीं आली म्हणा ना! तेथें ती १९९४ सालापर्यंत नांदली. अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्यें वारले.

ती बातमी वाचली त्या दिवशीं मला माझा स्वतःचा एक अपराध आठवला, आणि तो कबूल केल्यावांचून हें भाषण संपविणें बरें दिसणार नाहीं. १९८४ सालीं मी सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होतों. पानिपतची लढाई चालली होती. मागच्या बांकावरील एक मुलगा खालीं मान घालून कांहीं लिहीत होता. मीं वही ओढून पाहिली. प्रत्येक पानावर बुधवारची तारीख, तिच्याखालीं गाण्यांचे क्रमांक, चित्रपट, गाणारे, संगीतकार, आणि शेवटच्या रकान्यांत मागील आठवड्याचा क्रमांक! माझ्या वडिलांचा कायदा माझ्या अंगांत संचारला. मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें आणि वही जप्त करून कपाटांत टाकली. सेवानिवृत्त झालों तेव्हां इतर कागदांबरोबर ती माझ्या घरीं आली, आणि ट्रंकेंत पडून राहिली.

सयानी गेल्यावर मीं ती प्रथमच नीट वाचली. दोन वर्षांचे बुधवार तींत होते, आणि एकहि तारीख गाळलेली नव्हती. घटना घडली त्या दिवशींच नोंद करावी, नांवें पूर्ण लिहावीं, मागचा पुढचा संबंध दाखवावा, हें इतिहासाचें पहिलें शिक्षण होय. तें मुलांच्या गळीं उतरविण्यासाठीं मी जन्मभर झटलों. त्या मुलाला तें आपोआप साधलें होतें, आणि मीं त्याला त्याबद्दल शिक्षा केली होती.

मीं त्याचा शोध केला. गांवांतच त्याचें विजेच्या सामानाचें दुकान आहे. केस पिकूं लागले आहेत. मीं वही त्याच्यापुढें ठेवली आणि दोन शब्द बोलण्याचा प्रयत्न केला, ते नीट जमले नाहींत. त्यानें शेवटचें पान काढलें, त्यावर बोट ठेवलें, आणि हंसून म्हणाला, "गुरुजी, ह्याच्या पुढचे बुधवार दुसऱ्या वहींत आहेत."

ती दुसरी वही त्यानें मला वाचावयास दिली आहे. ती सध्यां माझ्या टेबलावर आहे. परंतु या खेपेस ती मीं मागून आणलेली आहे, आणि वाचून होतांच परत करावयाची आहे.